गणेशापाशी डावीकडे

पाटण, लुंसी बहाल
चैत्र २२

चि. पुण्यरत्न यास तताचे अ. उ. आ.

आशीर्वाद वर लिहिले ते थोरल्या बहिणीची रीत म्हणून. मनात काय आहे ते खाली वाच.

आधी मला एवढं सांग, तू पोखऱ्याला हॉटेलात नोकरी करतोस, की माझ्या अंगणात गोरी माणसं सोडायचं काम घेतलंयस? सकाळी तोंड धुवून खाली उतरावं तर चैत्याच्या कट्ट्यावर कुणीतरी पाव खात बसलेलं असतं. काल एक बाई देवासमोरच्या दगडी मंडलावर मांडी घालून बसली. उठा म्हटलं तर डोळे मिटून हसली. मी काय करणार, तिला बखोटीला धरून उचलू?

प्रत्येकाच्या हातात तोच तुझा पिवळा कागद. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून मी तो वाचून घेतला. पाटणमधली न पाहिलेली ठिकाणं म्हणे! न पाहिलेली कुणी? आम्ही तर रोज पाहतो. दोरीने काठ झिजलेली विहीर, तीन तोंडांची पाणधार, म्हातारे भजनाला बसतात तो ओटा, आणि शेवटी आपलं बहाल, देवळाचं अंगण आणि भोवतीची घरं. त्या पाणधारेच्या एका तोंडाला पाणी येत नाही, तेही तू कौतुकाने लिहिलंस. त्या कोरड्या तोंडापायी मला रांगेत उभं राहावं लागतं, त्याचं कौतुक कुठे लिहिलंस?

बरं, लिहिलंस ते लिहिलंस, निदान नीट तरी लिहायचंस. मंगळबाजारातून आलं की गणेशापाशी डावीकडे वळा, असं आहे त्यात. डावीकडे! डावीकडे कोण राहतं, विसरलास? तारामैंया. तिची बदकं, तिचं लसणाचं वाळवण आणि तिचं तोंड. पाहुणे आधी तिच्या अंगणात घुसतात, लसूण तुडवतात, मग ती त्यांना हाकलत आमच्या दारापर्यंत आणून सोडते आणि तुझ्या नावाने शंख करते. दहा वर्षांत माणूस घरचा रस्ता विसरतो का रे? मी गणेशाच्या भिंतीवर शेंदराने बाण काढला. तारामैंयाने तो पुसला, कारण बाण तिच्या खिडकीखाली होता.

पण खरी कमाल तर परवा झाली. देवळातला लाकडी टोल कुणीही वाजवून पाहावा, मजा येते, हे तूच लिहिलंस ना? एका लांबड्या मुलाने भरदुपारी तो वाजवला. अवेळी टोल झाला की देवळाच्या संघातलं कुणीतरी गेलं, हे सगळ्या बहालाला ठाऊक. संघात थोरले कोण? आपले बा. अर्धं बहाल आमच्या जिन्यावर रडत चढलं. तारामैंया सर्वांत पुढे. आणि बा आपले पोहे आणि लप्सीच्या आंबट फळांचं लोणचं खात बसलेले. त्यांनी सगळ्यांना बसा म्हटलं, आणि लोक गेल्यावर मला विचारलं की खरंखुरं कोण रडत होतं आणि नुसतं कोण ओरडत होतं. वर तारामैंयाला चार पोहे जास्त का नाही वाढले म्हणून मलाच बोलले.

तो कागद बदल. लगेच. जुनमायेला आणि सुवर्णला आशीर्वाद. तुला नेमाप्रमाणे लोभ आहेच, आज थोडा आटला आहे एवढंच.

तुझी
तता

*

पोखरा
वैशाख ४

ति. ततास पुण्यरत्नचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जुनमायेला वाचून दाखवलं. टोलापाशी आलो तर ती हसून हसून खाली बसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, लोकांना खरंच वाटलं असेल तर किती वाईट. म्हणून तुझी माफी तिच्याकडूनही मागतो.

टोलाचं वाक्य नव्या कागदात काढून टाकीन. लिहिलं तेव्हा आपण लहानपणी तो चोरून वाजवायचो आणि बा काठी घेऊन मागे लागायचे, तेच डोळ्यांसमोर होतं. तू पुढे पळायचीस आणि मार मी खायचो.

रस्त्याचं मात्र पटत नाही. अगं, मी तो कागद डोळे मिटून लिहिला. एकेक पाऊल मनात चालत गेलो. विहीर, गल्ली, गणेश, डावा हात. चुकेल कसा? तारामैंयाने गणेश तर हलवला नाही ना?

आणि रागावू नकोस, पण माणसं येतात ते वाईट आहे का? सगळे दरबार बघतात, सोन्याचा दरवाजा बघतात आणि निघून जातात. आपलं बहाल कुणी बघतच नाही. मला वाटलं, कुणीतरी जाऊन यावं तिथे. बा सकाळी पायरीवर बसतात का अजून? तब्येत कशी आहे? चष्मा बदलला का? जरा सविस्तर लिही. तू तीन पानं लिहिलीस त्यात बांचं जेवण तेवढं कळलं.

सुवर्णला दुसरीत घातलंय. तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. लोभ आटला असेल तर तो पुन्हा भरावा ही विनंती.

तुझा
पुण्य

*

पाटण
वैशाख १५

चि. पुण्यरत्न यास अ. उ. आ.

बांची तब्येत विचारलीस, तर ऐक. आणि हे वाचताना हसू नकोस.

साउन महिन्याच्या संक्रांतीपासून देवपाळपण आपल्या घराकडे येतंय. गेल्या खेपेला ते आलं तेव्हा तू इथेच होतास, बांना पाण्याची कळशी भरून देत होतास. म्हणजे नेम तुला शिकवायला नकोत. डोकं मुंडून महिनाभर देवळातच राहायचं, एक वेळ जेवायचं, पहाटे पाणधारेच्या पायऱ्या उतरून स्वतःच्या हाताने पाणी आणायचं आणि टोल द्यायचा. बांना अंगणातली पायरीसुद्धा आता भिंत धरून उतरावी लागते. तरी गेल्या आठवड्यात मला न सांगता कळशी घेऊन गेले, सराव करायला. शेवाळावरून घसरले. कळशी चेपली, गुडघा सुजला. तारामैंयाने त्यांना हाताला धरून घरी आणलं, आणि बा सांगतात की कळशी जुनी होती, आपोआप चेपली.

आता नीट वाच. देवपाळ घरचाच पुरुष लागतो, त्याच संघात लहानपणी डोकं मुंडून दीक्षा घेतलेला. आपल्या घरात असे दोघंच, बा आणि तू. ज्या घरातून महिना राखायला कुणी उभं राहत नाही, त्या घराचं नाव संघाच्या क्रमातून गळतं, आणि गळलेलं नाव परत चढत नाही. पलीकडच्या ज्ञानकाजींच्या घराचं तेच झालं. त्यांची मुलं परदेशात बंगले बांधून बसलीत, आणि इथे भोजाला त्यांचं पान नाही. बा ती रिकामी जागा बघून त्या दिवशी जेवले नव्हते. आता आपल्या घराची वेळ आलीय. पणजोबांपासून चालत आलेलं सगळं बांच्या एका गुडघ्यावर येऊन ठेपलंय.

तेव्हा तू येतोस. पावसाळ्यात तुझं हॉटेल तसंही ओस असतं.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. जुनमायेला घेऊन तू दारात उभा होतास तो दिवस मीही विसरले नाही. नवी सून आली की घरच्या मोठ्या बाईने किल्ली घ्यायची, एक टोक आपल्या हातात, दुसरं सुनेच्या, आणि तिला ओढून उंबऱ्याच्या आत आणायचं. आई नव्हती, म्हणून ते माझ्याकडे होतं. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. पण किल्ली बांच्या कमरेला, आणि बांनी ती सोडली नाही. परजातीची, गुरुंगांची मुलगी म्हणून. मी तेव्हा बोलले, रडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. त्याचा काय उपयोग झाला? म्हातारा आजही ती किल्ली कमरेला बांधून झोपतो.

पण म्हणून घराचं नाव जाऊ द्यायचं का? मधल्यामध्ये माझा जीव टांगलाय. ताबडतोब होकार कळव. जुनमायेला सांग, मला तिचा राग नाही, कधीच नव्हता.

तुझी
तता

*

पोखरा
जेठ २

ति. ततास सा. न. वि. वि.

बांच्या गुडघ्याचं वाचलं. इथून तेल पाठवतोय, रात्री लावून दे.

यायचं म्हणशील तर मी नाही म्हणत नाही. पण बांनी एकदा म्हणावं, ये. दोन अक्षरं. त्याच रात्रीच्या बसने निघतो. एकदा बायकोला घेऊन त्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, सगळं बहाल खिडक्यांतून बघत होतं. जुनमाया तेव्हापासून त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. आताही म्हणते, तुम्ही एकटे जाऊन या, देवाचं काम आहे. ती असं म्हणते म्हणूनच मी एकटा येणार नाही.

कागद मी बदललेला नाही. माणसं येऊ देत. कृपा असू दे.

पुण्य

*

पाटण
असार ५

चि. पुण्यरत्न यास आशीर्वाद. उत्तम होते ते संपले, साधेच घे.

तुझं पत्र बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, घरच्या मुलाला आमंत्रण धाडायला मी काय भोज घालतोय? मुलगा येतो, त्याला बोलवावं लागतं तो पाहुणा. आणि तू म्हणतोस, बोलावल्याशिवाय येणार नाही. वा! एकाच मातीचे दोन घडे, आणि दोन्ही माझ्याच डोक्यावर. एक इकडे तोंड फिरवून बसलाय, एक तिकडे, आणि मी मधे उभी राहून दोघांचे निरोप पोचवते. मला काय टपालखात्यात लावलंय तुम्ही?

असारच्या पौर्णिमेला संघ बसणार आहे. त्या दिवशी घरातून कोण उभा राहणार ते थोरल्यांनी सांगायचं. काही म्हातारे आत्ताच कुजबुजतायत की गुरुंगांच्या जावयाला देवपाळ करायचं का. बा थोरले आहेत, त्यांनी एकदा ठणकावून सांगितलं तर कुणाची प्राज्ञा नाही बोलायची. पण मी विचारलं की लोणचं वाढ म्हणतात.

आणि आता त्यांना नवंच खूळ लागलंय. तुझे ते पाहुणे पावसातही येतात, आणि ज्या म्हाताऱ्याला पूर्वी अंगणात परकी चप्पल खपत नव्हती, तो सकाळी उठून तोंड धुतो, सणाची टोपी काढतो आणि पायरीवर जाऊन बसतो. कुणी गोरा आला की त्याला पोखरा, पोखरा म्हणून विचारतो. त्याने मान हलवली की ताठ होतो आणि कमरेची किल्ली सोडून हातात धरतो. फोटो निघेपर्यंत हलत नाही. मी कोठी उघडायला किल्ली मागितली तर थांब म्हणतात, माणूस यायचाय. अरे, तांदूळ कोठीत, किल्ली पायरीवर, आणि मी रिकामं भांडं घेऊन जिन्यात! काल तारामैंयाकडून शेरभर तांदूळ उसने आणले. तिने दिले, पण गुरुंगीण सून, चुकीचा रस्ता आणि तुडवलेला लसूण हे सगळं पुन्हा एकदा ऐकवून दिले.

मला कधी वाटतं, लहानपणी आपल्या रीतीप्रमाणे बेलफळाशी लग्न लावून दिलं तेच बरं. तो नवरा देव्हाऱ्याच्या फळीवर बसलाय, कधी उलट बोलत नाही, रुसत नाही, कुणी ये म्हणावं म्हणून वाट बघत नाही. तुम्हा दोघांपेक्षा शहाणा.

आता शेवटचं सांगते. पौर्णिमेला आपल्या घरातून कुणी बोललं नाही, तर मी स्वतः डोकं मुंडून कळशी उचलीन. देवाला चालेल. म्हाताऱ्यांना फेफरं येईल, येऊ दे.

मी थकले रे पुण्य. खरंच थकले.

तता

*

पोखरा
असार १३

ति. ततास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसच्या माणसाच्या हाती देतोय, टपालाची वाट पाहायला वेळ नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तो कागद मी हॉटेलासाठी केला हे खरं. पण जो कुणी पाटणला निघे, त्याला मी हळूच म्हणायचो की त्या बहालात पायरीवर एक म्हातारा बसलेला असेल, तर त्याचा फोटो काढा आणि मला पाठवा. लोक भले असतात. पहिला फोटो हॉलंडहून आला. आपल्या बांचा चेहरा पाटणहून पोखऱ्याला यायचा तर एवढ्या लांबून आला. मग आणखी आले. जुनमायेने ते चुलीवरच्या भिंतीला चिकटवलेत. सुवर्ण शाळेत निघताना रोज त्या भिंतीला नमस्कार करतो. त्याला आजोबा म्हणजे भिंतीवर असतात असंच वाटतं.

काल एक मास्तर काठमांडूहून परत आमच्याकडे उतरले. फोटो तिथेच धुवून आणले होते. बा पायरीवर, सणाची टोपी, शेजारी तू रागाने बघतेयस, हातात रिकामं भांडं. आणि बांच्या हातात किल्ली. तता, त्यांनी ती कशी धरलीय ते तू पाहिलंस का? तू बाजूला उभी आहेस, तुला समोरून दिसलं नसेल. मागचं टोक त्यांच्या मुठीत आहे आणि पुढचं टोक समोर केलंय. हात लांब केलाय, कुणीतरी धरावं म्हणून.

जुनमाया कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं की आजोबा असं काय करतायत. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की आपल्याकडे सुनेला आत कसं घेतात. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

कदाचित मला वाटतंय तसं काही नसेल. म्हातारपणी हात असाच राहिला असेल. तू एकदा विचार. माझ्यासाठी विचार. पौर्णिमेच्या आधी कळव. तुझ्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे.

तुझा
पुण्य

*

पाटण
असार १६

चि. पुण्यरत्न व चि. सौ. जुनमाया यांस अ. उ. आ., चि. सुवर्णास गोड पापा.

विचारलं. तुझं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं. बा म्हणाले, कळलं का एकदाचं? किती गोऱ्यांपुढे हात लांब करून बसलो, खांदा भरून आला. मी म्हटलं, मग लिहायचंत ना एक ओळ, माझा उपास तरी टळला असता. तर म्हणाले, किल्ली काय टपालाने देतात?

फोटो तुझ्याकडे जातात हे यांना कुणी सांगितलं असेल? कुणीच नाही. म्हणतात, एवढं जुनं देऊळ सोडून जो माझ्यासारख्या बोळक्या म्हाताऱ्याचा फोटो काढतो, त्याला कुणीतरी धाडलेलं असणार, हे कळायला काय शाळा लागते? मला एवढे दिवस कळलं नाही. मी तांदळाचं भांडं घेऊन भांडत होते. जाऊ दे.

पौर्णिमेची वाट न बघता कालच ते भिंत धरत धरत संघातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी गेले. मी मागोमाग. सगळीकडे एकच सांगितलं, माझा मुलगा देवपाळ बसतोय, आणि देवाची भांडी माझी सून घासणार आहे. एकाने तोंड उघडलं, तर बांनी त्याला विचारलं की टोल वाजला तेव्हा तू खरा रडत होतास की नुसता ओरडत होतास. सुवर्णला संघात घ्यायचं का, त्यावर भांडण होईल, मोठं होईल. ते होऊ दे, मी आहे.

किल्ली आज सकाळी बांनी स्वतः राखेने घासली आणि मला दिली. माझ्या हातात ती पहिल्यांदाच नीट आली. कोठी उघडून आधी तारामैंयाचे तांदूळ फेडले. ती ओवाळायला येणार आहे, बोलावलं नाही तरी.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी या. कातड्याचा पट्टा, बूट तिथेच ठेव, देवपाळाला चामडं चालत नाही. जुनमायेला सांग, टोक घट्ट धरायचं, मी जोरात ओढते. दहा वर्षांचं ओढायचंय.

आणि हो, तुझा कागद बांनी मास्तरीणबाईंकडून पुन्हा वाचून घेतला. म्हणाले, पोराने रस्ता चुकीचा लिहिलेला नाही. त्याने तो आपल्या दारातून निघून लिहिलाय. घरातून बाहेर जाताना गणेशापाशी डावीकडेच वळावं लागतं. शेवटचा तो असाच गेला होता ना, त्याला तेवढाच रस्ता आठवतोय. एवढं बोलले आणि बराच वेळ डोळे पुसत बसले.

तेव्हा लोभ असावा वगैरे आता लिहीत नाही, इथे आलास की बघू. बसमधून उतर, मंगळबाजारातून चालत ये, आणि कागद खिशात ठेव. गणेशापाशी उजवीकडे.

तुमची
तता